अर्धा कोयता

ग्रामसेवकानं दिलेला मृत्यू नोंदीचा फॉर्म तुझ्या मांडीवर आहे. एकवीस दिवसांची मुदत असते, त्यातले तेरा आज संपले. मयताचं नाव लिहून झालं. मृत्यूचं ठिकाण, राहतं घर. पुढचा रकाना व्यवसायाचा. काका मागून वाकून बघतो आणि म्हणतो, "शेती लिही. दुसरं काय लिव्हणार?"

तू लिहितोस, शेती.

अडीच एकर मुरमाड बरड. पाऊस झाला तर बाजरी आणि तूर, नाही झाला तर नुसते दगड. त्या शेतीवर सात माणसं जगली, असं आता सरकारी कागद म्हणणार.

गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं. आसपास कुठंही जा, डिसेंबरात असंच दिसतं. दर दुसऱ्या दाराला कुलूप, कुलपात धूळ जाऊ नये म्हणून वर गुंडाळलेली चिंधी, ओट्यावर म्हातारी माणसं आणि शाळेच्या वयाची पोरं. मधली पिढी उसाच्या फडात. आबा गेला त्या सकाळी तिरडी उचलायला चौघं मिळाले, पण बदली खांदा मिळाला नाही. घरापासून ओढ्यापर्यंत तुझा उजवा खांदा एकदाही मोकळा झाला नाही. चाकणच्या कंपनीत तू दिवसभर उभा असतोस खरा, पण वजन उचलायची सवय मोडली. खांदा अजून ठणकतोय. चुलतभाऊ सांगलीकडं तोडीला गेलाय. अग्नी देताना त्यानं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि अर्ध्या तासात पुन्हा गाडी भरायला गेला. खाडा पडला असता.

दहाव्याला कावळा पहिल्याच हाकेला शिवला. म्हाताऱ्याचं काही राहिलं नव्हतं, असं सगळ्यांनी धरलं. आज तेराव्याला कीर्तनकारबुवांनी सांगितलं की आबानं एकट्यानं संसाराचा गाडा ओढला, लेकरं मार्गी लावली, घर बांधलं, कुणाचं देणं ठेवलं नाही. बायकांनी डोळ्याला पदर लावला. बाई, म्हणजे तुझी आजी, तिला सगळं घर बाईच म्हणतं, भिंतीला टेकून बुवांकडं बघत होती. 'एकट्यानं' हा शब्द आला तेव्हा तिनं मान जराशी वळवली. ऐकू कमी आलं की वळवते तशी.

सगळे पांगल्यावर तू ओसरीवर आबाच्या घोंगडीवर आडवा होतोस, दुखऱ्या खांद्याची कूस टाळून. आबाला सन कळत नव्हते. त्याच्याकडं सालं होती. रझाकाराचं साल, मिलोचं साल, भूकंपाचं साल, छावणीचं साल. तारीख विचारली की तो साल सांगायचा, आणि साल सांगितलं की त्या सालात जाऊन बसायचा. मग जेवायला हाक मारली तरी लवकर परत यायचा नाही. आज तूही तसाच जा.

रझाकाराच्या सालात फार थांबू नकोस. आधार कार्डावर आबाची जन्मतारीख १ जून १९४९ आहे. या गावात निम्मी माणसं १ जूनलाच जन्मली, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजींना पट भरायचा असायचा. आबाची आई वेगळं सांगायची. "रझाकार गेले, त्याच्या पुढच्या हुरड्याला." निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. त्यानंतर ज्वारीचं कणीस दुधात आलं, तेव्हा हा जन्मला. म्हणजे थंडीत. म्हणजे आता ज्या दिवसांत गेला, साधारण त्याच दिवसांत.

चल पुढं. मिलोचं साल.

ऊन तुझ्या डोळ्यावर येतं आणि तू उठतोस तेव्हा खाली ओसरी नसते, खडीचा ढीग असतो. १९७२. तुझ्या हातात हातोडा आहे. डाव्या हाताच्या बोटांना चिंधी बांधलीय, कारण पहिल्या दिवशी दगड सोडून बोटांवरच घाव बसले. आजूबाजूला तीन गावांची माणसं बसलीत आणि सगळीकडून एकच आवाज येतोय, ठक, ठक, ठक. पाटलाच्या घरचीही माणसं आहेत, तोंड फिरवून बसलेली. विहिरींचा तळ दिसतोय. गुरं आधी विकली, मग फुकट दिली, मग सोडून दिली. दुपारी सुकडी मिळते, ती पोरांसाठी बांधून ठेवायची. संध्याकाळी मिलोची भाकरी. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. भाकरी थापली की मोडते, खाल्ली की घशात अडते. आबा शेवटपर्यंत तांबड्या रंगाच्या भाकरीला हात लावत नसे, मग ती नाचणीची का असेना.

तुझ्या शेजारून एक मुलगी मुरमाची पाटी घेऊन पाझर तलावाच्या भरावाकडं जाते. एकोणीस वर्षांची असेल. ती बाई आहे. लग्नाला दोन वर्षं झालीत. संध्याकाळी कारकून मस्टर उघडतो तेव्हा नीट बघ. आबाचं नाव एका ओळीत, बाईचं नाव वेगळ्या ओळीत. त्याचा अंगठा वेगळा, तिचा अंगठा वेगळा. मजुरी तिच्या हातात पडते, ती पदराच्या गाठीत बांधते. दुष्काळाच्या या कामांतूनच पुढं वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली. कायदा १९७७ मध्ये झाला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पण त्या मस्टरवरची तिची ओळ लक्षात ठेव. यापुढं ती बराच काळ दिसणार नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पण बी नव्हतं, बैल नव्हते आणि सावकार दारात बसलेला. अशा वेळी मुकादम येतो. मुकादम कधी वाईट दिवसांत रागानं बोलत नाही. तो चहा पितो, लेकरांची चौकशी करतो आणि खिशातून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, काढतो. त्या उचलीतून आबानं दोन खोंडं घेतली. दसऱ्याचं सोनं वाटलं आणि गाडी जुंपली.

त्या गाडीत आता तू आहेस. लाकडी चाकांची गाडी. ज्वारीचं पोतं, चटणी-मिठाचं गाडगं, तवा, परात, दोन घागरी, कोप उभारायला बांबू, पाट्याखाली बांधलेल्या तीन कोंबड्या आणि मागं दाव्याला एक शेळी. पन्नासेक गाड्यांची रांग. आष्टी, कडा, नगर, तिथून राहुरीच्या पुढं प्रवरेकडं. दिवसाकाठी सात-आठ कोस. आठ-नऊ मुक्काम होतात. रात्री बैल सोडले की गाडीखालीच झोपायचं. आता त्याच वाटेच्या अंगानं रेल्वे धावते. बीडला रेल्वे येणार, येणार असं आबानं जन्मभर ऐकलं आणि ती आली १७ सप्टेंबर २०२५ ला. आबानं मोबाइलवर ते चित्र बघितलं. म्हणाला, "आता पोरं बसून जातील व्हय फडात?" तो विनोद होता की नाही, ते तुला तेव्हा कळलं नाही.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर नगर, सांगली, कोल्हापुरात कारखाने फोफावले. ऊस बागायतदाराचा, कारखाना सभासदांचा, संचालक निवडून आलेले. तोडणारा मात्र ना सभासद ना कामगार. तो मुकादमाचा माणूस. सहकाराच्या गोडव्याची पुस्तकं पुष्कळ आहेत, त्यांत हे एक वाक्य शोधावं लागतं.

पहाटेचे चार. कोपीच्या तोंडाशी थंडी बसलीय. बाईनं चुलीवर भाकरी टाकल्यात, त्या फडक्यात बांधून तुम्ही फडात उतरता. उसाचा पाला दवानं ओला आहे. ओला पाला कापत नाही असं वाटतं, पण कापतो, फक्त रक्त उशिरा दिसतं. डाव्या हातानं ऊस धर. कमरेत वाक, अजून वाक. घाव जमिनीबरोबर बसला पाहिजे, कारण साखर बुडख्यात जास्त असते आणि दोन बोटं बुडखा मागं राहिला तरी चिठ्ठीबॉय ओरडतो. आता ऊस उचल, कोयत्यानं पाला सोल, शेंड्याचं वाढं तोड, ऊस डावीकडं, वाढं उजवीकडं. एक झाला. दिवसभरात दोघांनी मिळून दीड-दोन टन करायचा असतो. पहिले चार दिवस कंबर दुखते. पाचव्या दिवसापासून कंबर आहे हेच विसरायला होतं, ती पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावात गेल्यावर आठवते.

आणि मागं वळून बघ. तू तोडतोयस तेवढ्या वेळात बाई ऊस गोळा करते, वाढ्याच्या पेंढीनं मोळी बांधते, ती तीसेक किलोची मोळी डोक्यावर घेते आणि ओल्या सऱ्या तुडवत गाडीपर्यंत नेते. तू गाडीवर चढून रचायचं, तिनं खालून द्यायचं. तुझा जो खांदा आज ठणकतोय ना, तो एका तिरडीनं, एका फर्लांगात. ती या वाटेनं दिवसात किती वेळा जाते ते मोज. वीसपर्यंत तू मोजशील, मग आकडा चुकेल. गाडी भरली की तू कारखान्याकडं निघायचंस. तिचं काम तिथं संपत नाही. वाढ्याच्या पेंढ्या विकायच्या, त्यावर तेल-मीठ भागतं. पाणी आणायचं, लेकराला पाजायचं, रात्रीच्या भाकरी थापायच्या.

गाडीतळावर शंभर गाड्या तुझ्या पुढं आहेत. हवेत मळीचा आंबूस वास. भोंगा होतो, पाळी बदलते, रांग हलत नाही. बैलांच्या मानेवर तेल लावून तू गाडीच्या दांडीला टेकतोस आणि बसल्या बसल्या झोपतोस. मध्यरात्रीनंतर काट्यावर गाडी चढते, वजन होतं, गव्हाणीत ऊस पडतो आणि हातात पावती येते. पावतीवर आबाचं नाव.

मुकादमाची वही बघायची असेल तर आता बघ, कंदिलाच्या उजेडात तो हिशेब मांडतोय. आबाच्या नावापुढं लिहिलंय, कोयता १. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, खाडा कोयत्यावर, बाकी कोयत्यावर. खालच्या ओळीत एक बिनलग्नाचं पोरगं आहे, त्याच्यापुढं लिहिलंय, अर्धा.

म्हणजे एकटा आबा हा अर्धा कोयता. वही क्रूर आहे, तिच्यात बाईचं नावसुद्धा नाही. पण हिशेबापुरती ती कीर्तनकारबुवांपेक्षा खरी आहे.

आता खांदा बदल. थोडा वेळ तू आबा नाहीस, तुझा बाप आहेस. सात वर्षांचा.

थोरल्याला शाळेत ठेवायचं, हे आबानं ठरवलं त्याला कारण भगवानगड. गळ्यात माळ होती, गडावर जाणं-येणं होतं. जमीन विकावी लागली तरी लेकरं शिकवा, असं भगवानबाबा सांगत, हे या भागात कुणालाही विचार. बाबा १९६५ मध्ये गेले, पण ते सांगणं माणसांच्या तोंडी राहिलं. विकायला जमीन अशी नव्हतीच. म्हणून आबानं पोरगं म्हाताऱ्या आईजवळ गावात ठेवलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो तुला उचलून कणगीच्या तोंडाशी धरतो. आत ज्वारी, काठोकाठ. आतल्या बाजूला शेणाच्या सारवणावर कोळशानं सहा रेघा मारल्यात. "ही बघ. एक रेघ उतरली की एक म्हैना. शेवटच्या रेघंला जवारी गेली, की मी आलो म्हून समज." तुझ्या नाकात ज्वारीची धूळ जाते आणि तू शिंकतोस. तो हसतो. सकाळी तू उठतोस तेव्हा गाडी गेलेली असते.

तू रोज कणगीत डोकावतोस. ज्वारी काही हलत नाही. आठ दिवसांनी तुझ्या डोक्यात येतं ते अगदी सरळ आहे. रेघ खाली गेली की बाप येतो, तर मग रेघ खाली घालवायची. आजी शेतात गेली की तू ओंजळ भरून घेतोस आणि मागच्या परसात कोंबड्यांना टाकतोस. आधी एक ओंजळ, मग दोन. मग शेजारच्या कोंबड्याही यायला लागतात. कोंबड्या त्या वर्षी अशा माजल्या की गावभर चर्चा. संक्रांतीला ज्वारी चौथ्या रेघेवर, माघात शेवटच्या. तू शाळेतून पळत येऊन वेशीवर बसतोस. एक दिवस, दोन दिवस, पंधरा दिवस. बाप येत नाही. घरातली ज्वारी संपते. आजी कुणाकडं शेर, कुणाकडं पायली उसनी आणते आणि तुला वाढून स्वतः पाणी पिऊन झोपते.

पाडव्यानंतर गाड्या आल्या. आजीनं सगळं सांगितलं. तू दाराआड उभा, आता मार बसणार. आबानं मारलं नाही. उसनी ज्वारी दुप्पट मापानं फेडली. पुढच्या दसऱ्याला त्यानं कणगी भरली, पण रेघा मारल्या नाहीत.

ही गोष्ट तुझ्या बापानं तुला कधी सांगितली नाही. बाईनं सांगितली, गेल्या आठवड्यात, भांडी घासताना.

तुझा बाप दहावी झाला, बीडला आयटीआय झाला, एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला. बुवा म्हणाले तसं लेकरू मार्गी लागलं. पण एक सुटावा म्हणून तिघं गुंतली, हेही मांड. काका तेराव्या वर्षी कोयता घेऊन फडात उतरला. दोन्ही आत्या तर शाळेची पायरी न चढताच गेल्या. थोरली कोपीत स्वयंपाक करायची, धाकटी उसाच्या बांधावर साडीच्या झोळीतलं लेकरू हलवायची. साखरशाळा आल्या तोवर त्यांची लग्नं झाली होती.

भूकंपाच्या सालात एकच रात्र थांब. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र उलटून गेलेली. किल्लारी इथून लांब आहे, तरी फळीवरची भांडी वाजली. दुसऱ्या दिवशी बातम्या यायला लागल्या. माणसं जमिनीनं नाही मारली, माळवदांनी मारली. दगडाच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर हातभर माती. आबा घरात येऊन माळवदाखाली उभा राहिला आणि बराच वेळ वर बघत बसला. तोडीला निघायच्या आत त्यानं आणि काकानं सगळी माती उतरवली. पत्र्यांसाठी त्या वर्षीची उचल वाढवून घेतली. बुवा म्हणाले ते घर हेच. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, आणि आबाच्या वाट्याला घराचे महिने यायचे ते उन्हाळ्यापासूनच. सुखाची थंडी घर रिकामं काढायचं.

पुढच्या सालाला नाव नाही. आबानं त्याला नाव दिलं नाही.

पट्टा पडलेला. बाईची चाळिशी नुकतीच उलटलेली. दोन वर्षं तिला अंगावरून जातंय, ओटीपोटात दुखतंय. फडात ना आडोसा, ना पाणी, ना एक दिवस पडून राहायची सोय. पडलं तर खाडा, खाड्याचा दंड, आणि कोयता अर्धा. गावी आल्यावर आबा तिला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेतो. डॉक्टर पाच मिनिटं बघतात आणि म्हणतात, पिशवी खराब झालीय, काढून टाका, कायमची कटकट जाईल. पैसे मुकादमाकडून येतात, पुढच्या उचलीतून वळते होणार. आबा तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून असतो, घरी जात नाही, नारळ फोडून पाणी पाजतो, तिचे केस विंचरतो. हे सगळं खरं. आणि संमतीच्या कागदावर अंगठा आबाचा, हेही खरं. तिला कुणी विचारलं नाही. त्यालाही ते विचारायचं असतं, हे सुचलं नाही. दसऱ्याला ती पुन्हा गाडीत होती.

२०१९ मध्ये अशा काढलेल्या पिशव्यांचा बोभाटा झाला, विधिमंडळात प्रश्न आले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. बाई तेव्हा तोडीला जात नव्हती, त्यामुळं ती त्या आकड्यात आली की नाही ते तिलाही ठाऊक नाही. वाकलं की पाठीत कळ येते, एवढं तिला ठाऊक आहे.

आता मागं फिर, त्या दवाखान्याच्या सालाच्याही थोडं आधी, एका बाजारच्या दिवशी जा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची माणसं लक्ष्मीमुक्तीचं सांगतायत. बायको जन्मभर राबते, तिच्या नावावर जमीन करा. सरकारनंही पुढं त्यासाठी परिपत्रक काढलं. आबा पारावर बसून सगळं ऐकतो. घरी येऊन बाईला सांगतो, हसत हसत. "आगं, तुज्या नावानं एक एकर करावं म्हणतो."

"करा की."

"करू. पट्टा पडल्यावर."

आबाचं सगळं पट्टा पडल्यावर असायचं. दुखरी दाढ, पंढरपूर, आत्याचं माहेरपण, शेताचा बांध. पट्टा दर वर्षी पडायचा आणि तेवढ्यात पेरणी यायची. ते एक एकर राहून गेलं. आबा कंजूष नव्हता, वाईट तर नव्हताच. पण स्वतःवर सोपवलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही आणि हे काम त्याच्यावर कुणी सोपवलंच नव्हतं.

शेवटचं साल छावणीचं. २०१३. उसाचे हंगाम संपलेत, आता आबाच्यानं गाडी रचणं होत नाही. दोन म्हातारे बैल घेऊन तो चारा छावणीत राहतो. वर शेडनेट, खाली शेण, दिवसाला मोजून मिळणारा चारा, आणि टँकर आला की पळापळ. चाराही बघ कसला. उसाची वाढी. जन्मभर त्यानं तोडली ती. पाऊस लागल्यावर बैल विकले आणि कोयता वळचणीला खोचला, तो अजून तिथंच आहे. मूठ बाभळीची, तळव्याच्या बाजूनं इतकी झिजलेली की हातात धरली की आपोआप त्याच्या पकडीत बसते. तिथंच बाजूला दुसरा कोयता आहे, थोडा आखूड. तो बाईचा. तिची मूठही तशीच झिजलीय. तेराव्याला आलेल्या माणसांना काकानं एकच कोयता दाखवला.

अडतीस हंगाम, हंगामाचे पाच महिने धरले तर १९० महिने. जवळजवळ सोळा वर्षं आबा कोपीत राहिला, पाचटाच्या छपराखाली, दुसऱ्याच्या रानात. आणि तेवढीच सोळा वर्षं बाई. आता दर वाढलेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चुलतभावानं तुला तेव्हा आनंदानं फोन केला होता. तू विचारलंस, वहीत नाव कुणाचं? तो म्हणाला, "माझंच की. कामून?"

घोंगडी खांद्याला टोचते आणि तू जागा होतोस. उजाडलंय. चुलीपाशी बाई बसलीय आणि काका दुसरा कागद घेऊन आलाय. तलाठ्याकडं द्यायचा वारस नोंदीचा अर्ज. काकाचं सगळं ठरलेलं आहे. तुझा बाप आणि तो, दोन नावं. आत्या हक्कसोड देतील, त्या नाही म्हणणार नाहीत. "बाईचं कशाला घालायचं? आज हाय, उद्या न्हाई. पुन्हा दोनदा फेरफार करावा लागंल."

तू बाईला विचारतोस, तुझं नाव घालायचं का. ती लाकूड पुढं सारते, धुरानं डोळे बारीक करते. मग म्हणते, "त्यांनी करतो म्हणले होते. पट्टा पडल्यावर."

पहिल्या ओळीत तिचं नाव लिही. पूर्ण. नातं: पत्नी. मग बापाचं, मग काकाचं, मग दोन्ही आत्यांची, सासरच्या नावासह. काका रुसेल, चार दिवस बोलणार नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधार कार्डं आणि प्रतिज्ञापत्र जोड. तलाठी सोमवारी सज्जावर बसतो, दुपारनंतर सापडत नाही. सकाळीच जा, अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.